जाऊबाईंचा गृहपाठ

माझ्या थोरल्या जाऊबाई पंचेचाळिसाव्या वर्षी बारावीला बसल्या. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात वीस वर्षं मशीनवर काढलेली. देखरेखीची जागा हवी तर बारावी पास व्हा, असं मालकांनी सांगितलं. त्यांनी ते मनावर घेतलं. आणि त्यांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की बाकीच्यांनी आपापली डोकी सांभाळावीत.

बाकीचे विषय सुटले, साहित्यात गाडी अडली. दोनदा नापास. तिसऱ्यांदा बसणारच म्हणाल्या आणि रविवारच्या शिकवणीला जाऊ लागल्या. तिथून आल्या की भाजी निवडता निवडता मलाही धडा मिळे. उपमा म्हणजे कच्चा टाका, त्या सांगत. दोन कापडं जवळ येतात, पण दोन आहेत हे दिसत राहतं. रूपक म्हणजे मशीनची शिलाई, बसली की कापड एकच. कादंबरीतला ‘मी’ खरं बोलतोच असं नाही, हे कळल्यापासून तर माझ्या प्रत्येक गोष्टीला त्यांची भुवई वर जाई. मला हसू यायचं आणि थोडा रागही.

मग नाटकाचा धडा आला. प्रेक्षकांना ठाऊक असतं, रंगमंचावरच्या माणसाला नसतं. त्याला म्हणे नाट्यात्म उपरोध म्हणतात. बाप मुलाच्या खोलीला रंग देतोय, आणि मुलगा परतणार नाही हे अख्ख्या नाट्यगृहाला माहीत आहे, तसं. शिकवणीच्या सरांनी गृहपाठ दिला, स्वतःच्या पाहण्यातलं उदाहरण लिहून आणा.

जाऊबाई वही उघडून दाराशी बसल्या. पुढच्या खोलीतच सासऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. नजर आता परतायची नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं. आम्ही त्यांना सांगत राहिलो, अजून दोन महिन्यांत दिसायला लागेल. खचतील म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मीच म्हणाले होते. ते रोज चिमटे पुसून ओळीने मांडत आणि आलेलं घड्याळ ‘दोन महिने थांबा’ म्हणत ठेवून घेत. अशी अकरा साठली होती.

गल्लीला सगळं ठाऊक होतं. त्या दिवशी समोरचा न्हावी आपल्या दुकानातून ओरडला की काका, नजर सुधारलेली दिसते हं, आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाकडे पाहून त्याने डोळा मारला. सासरे खुशीत हसले. जाऊबाईंनी ते पाहिलं आणि वही मिटली.

मी सांगते बाबांना, असं त्यांनी म्हणताच घरात रण पेटलं. आमच्या दोघींच्या नवऱ्यांनी बजावून पाहिलं, मी तर हात जोडले.

“मला हे नाटक आता बघवत नाही,” जाऊबाई म्हणाल्या. पुढच्या खोलीत जाऊन त्यांनी स्टूल ओढलं आणि सासऱ्यांना सरळ सांगितलं, की डोळे परत येणार नाहीत.

दोन दिवस सासरे जेवले नाहीत, कोणाशी बोलले नाहीत. आम्ही सगळ्यांनी जाऊबाईंना वाळीत टाकलं. त्या कामावर जात, येत, सासऱ्यांपुढे ताट ठेवत आणि तसंच भरलेलं उचलून आणत. एकदा मोरीत तोंड धुताना रडत होत्या. पण चुकले, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी त्यांना हाक मारली. मी मागे उभी होते.

“किती दिवस ठाऊक होतं तुला?”

“चार महिने, बाबा.”

“आणि गल्लीला?”

“तेवढेच.”

“म्हणजे चार महिने तूही त्यांच्यातच बसली होतीस.”

“हो,” जाऊबाई म्हणाल्या. “बसले होते.”

मला वाटलं, आता हे त्यांना हाकलणार. पण सासऱ्यांनी खण ओढला. एकेक घड्याळ चाचपून ते कोणाचं हे अचूक सांगत त्यांनी सगळी पिशवीत भरली, आणि उठून जाऊबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. पहिलं न्हाव्याचंच होतं. दोघं रस्ता ओलांडून त्याच्या दुकानात शिरली तेव्हा आत तीन गिऱ्हाइकं होती. मीही मागोमाग गेले. मला घरात थांबायची लाज वाटली.

सासऱ्यांनी घड्याळ पुढे धरलं. “मला दिसत नाही,” ते म्हणाले. “पुढेही दिसणार नाही. तुला माहीत होतं, आता मलाही माहीत आहे.”

न्हाव्याने हातातली कात्री खाली ठेवून दोन्ही हातांनी घड्याळ घेतलं. कोणी हसलं नाही.

“चल सूनबाई,” सासरे म्हणाले. “अजून दहा घरं आहेत.”