चौथ्या कोपऱ्यावरची ओ

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. कधी उतारा टाकला नाही, कधी अंगारा लावला नाही. शेजारीण अमुक दिसलं, तमुक दिसलं म्हणायला लागली की मी म्हणायची, "बाई, आधी चष्म्याचा नंबर तपासून ये." शाळा माझी चौथीपर्यंतच. पुढचं वाचन किराणाच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. त्यामुळं लिहिण्यात चूकभूल असेल... पण सांगण्यात तिखटमीठ नाही.

माझं माहेर धर्माबादचं, सासर लातूरजवळचं. इकडं वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी अख्खं लातूर घराला कुलूप लावून शेतात जातं. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात पूजा, पालेभाज्या आणि डाळी एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, आणि ताकात ज्वारीचं पीठ घालून केलेलं आंबील. पूजा झाली की आंबिलाची बिंदगी — म्हणजे छोटं मडकं — घेऊन शेताच्या कडेकडेनं आंबील शिंपडायचं. पुढच्यानं ओरडायचं, "ओलगे ओलगे!" मागच्यानं ओ द्यायची, "सालम पोलगे!" अर्थ मला विचारू नका, माझ्या सासऱ्यांनाही सांगता आला नाही. पण आमच्या घरची रीत कडक. पुढच्यानं मागं वळून बघायचं नाही, आणि मागून ओ आल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही.

आमचं शेत रस्त्यात गेलं. नंतर चार-पाच येळवशी दुसऱ्यांच्या शेतात पाहुण्यासारखं जेवून काढल्या. गेल्या वर्षाआधीच्या येळवशीला माझा मुलगा गजानन म्हणाला, "आई, यंदा आपण कॅम्पिंग करू."

"म्हणजे काय रे?"

"तंबूत राहायचं."

"म्हणजे कोपच की. फक्त चेन लावलेली."

लातूरहून रेणापूरच्या अंगाला निघालं की एक अम्युझमेंट पार्क लागतं. मोठा पाळणा, टॉय ट्रेन, पाण्याच्या घसरगुंड्या. त्याच्या तारेच्या कुंपणाला लागूनच तंबूंचं चौकोनी मैदान. चार कोपऱ्यांना चार लिंबं, कडुलिंबाची. ती लिंबं बघितली आणि माझ्या मनानं घेतलं, इथं शिंपडायचं!

दुपारचे दोन-अडीच झाले असतील. गजानन पार्कच्या तिकिटांच्या रांगेत गेला होता. सूनबाई स्वाती म्हणाली, "आई, इथं ओरडणार? कसं दिसंल ते?"

"मस्त दिसंल. तू व्हिडिओ काढ."

आरोही, माझी नात, तेव्हा सहा वर्षांची. पूजेच्या थाळीतली बोरं मुठीत घेऊन नाचत आली. "आज्जी, मागून मी ओरडणार!"

"आई, लक्ष ठेवा हं तिच्यावर. पाळण्याकडं पळून जाईल," स्वाती म्हणाली.

"अगं, माझ्या मागंच तर राहणार हाय."

हे माझे शब्द. मागं बघायचं नाही अशी रीत पाळणारी बाई म्हणते, पोरगी माझ्या मागंच हाय!

निघालो. मी लिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपडत पुढं, ती मागं. "ओलगे ओलगे!" — "सालम पोलगे!" असा खणखणीत आवाज पोरीचा, की तिकडं टॉय ट्रेनमधली माणसं हात हलवायला लागली. पहिलं लिंब झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याच्या अलीकडं मी ओरडले, "ओलगे ओलगे!"

ओ आली नाही.

परत ओरडले. नाही. पार्कातल्या स्पीकरचं गाणं तेवढं ऐकू येत होतं. मी मनात म्हणलं, दमली असंल, देईल आता. आणि उभी राहिले की हो तशीच! मागं बघायचं नाही म्हणून समोर बघत, खांबासारखी.

मग ओ आली. "सालम पोलगे!"

पण मागून नाही. उजवीकडून, जिथं कुंपणाला टेकून गाद्या ठेवायची पत्र्याची खोली होती तिथून. स्पष्ट, अगदी कानाजवळ बोलल्यासारखी. आवाज पोरीचाच वाटला मला. म्हणलं, लबाड, आडवाटेनं पुढं गेली वाटतं. हसत हसत वळले, "थांब, धरतेच तुला!"

खोलीच्या मागं आरोही गुडघ्यावर बसलेली. दोन्ही हात गळ्याला. डोळे मोठ्ठे. ओठ जांभळे. आणि आवाज... काहीच नाही. खोकला नाही, रडणं नाही, काही नाही.

बिंदगी हातातून कधी पडली कळलं नाही. मी खाली बसले, पोरीला मांडीवर पालथी घातली, डोकं खाली, आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहातानं हाणायला लागले. किती वेळा, देव जाणे. शेवटी बोराची बी टपकन मातीत पडली. पोरीनं श्वास ओढला आणि असा टाहो फोडला... एवढं गोड रडणं मी तिच्या जन्माच्या वेळी ऐकलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

लगेच लातूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, पोरगी ठीक आहे म्हणाले. "आजी, आणखी दोन मिनिटं गेली असती तर..." एवढंच बोलले आणि चिठ्ठी लिहायला लागले.

गाडीत परत येताना गजानन म्हणाला, "बरं झालं ओरडली. न्हाई तर आईला कळलंच नसतं."

आरोही आईच्या कुशीतून म्हणाली, "मी कुठं ओरडले पप्पा? बोर अडकलं होतं ना."

तिसऱ्या लिंबापाशी तिला आजीला 'भो' करायची हुक्की आली. तोंडात बोर घालून तंबूंच्या आडून पळत ती खोलीमागं लपायला गेली, आणि पळतानाच बी घशात गेली. मी दोन हाका मारल्या त्या तिनं ऐकल्या होत्या. "ओ द्यायची होती आज्जी, पण येतच नव्हती."



गजानन इंजिनियर माणूस. म्हणाला, दुसऱ्या कुणाचं पोरगं असंल. पण दुसऱ्या तंबूंतली माणसं तेव्हा पार्कात होती. मग म्हणाला, स्पीकर असंल. मग स्वातीनं तंबूपासून माझ्यावर धरलेला व्हिडिओ बघितला. तिन्ही बाजूंना आरोहीची ओ बारीक का होईना, ऐकू येते. शेवटी माझ्या दोन हाका. मग मी उभी. मग मी एकदम उजवीकडं वळते, हसते, चालायला लागते. मधे ओ नाहीच. नुसतं गाणं.

"फोननं पकडली नसंल," गजानन म्हणतो. नसंलही. मी त्याच्याशी वाद घालत नाही. शेजारच्या बायका म्हणतात, तुझे गेलेले सासरे असतील. मी तेही म्हणत नाही. नाव घेतलं आणि चुकलं, तर भलत्याचेच आभार मानले जातील. ज्यानं ओ दिली, त्याला ते पोचू दे.

गेल्या येळवशीला परत तिथंच गेलो. हट्ट माझाच. फक्त रीत मी मोडली. आता बिंदगी आरोहीच्या हातात, ती पुढं, आणि मी मागं, तिच्या वेणीवर नजर लावून. बोरं बिया काढून आणली होती. चौथ्या लिंबापाशी ती ओरडली, "ओलगे ओलगे!" मी ओ दिली. आणि मग जरा थांबले, पत्र्याच्या खोलीकडं कान लावून.

"आज्जी, काय ऐकतीयस?"

"काही नाही गं. कुणी ओ देतंय का बघते."

कुणी दिली नाही. पाळण्याचा कुरकुर आवाज आणि तेच गाणं. मी त्या बाजूला ओंजळभर आंबील शिंपडलं, हात जोडले. मला बरं वाटलं. आज तिथून ओ द्यायची कुणाला गरज पडली नव्हती.