कासेचं लाल औषध

मी आणि बायकोने मिळून शेवटचं काय केलं, तर दही विरजलं. म्हशीचं दूध तापवून उतरवलेलं. मी ते या पातेल्यातून त्या पातेल्यात ओतून निववत होतो आणि ती मधून मधून बोट बुडवून बघत होती. "अजून कढत हाय. विरजण मरंल," म्हणायची. मी पुन्हा ओतायचो. मग तिने कालच्या दह्याचा चमचा घातला, वर ताट झाकलं आणि पातेलं चुलीच्या उबेला सरकवलं.

आमची मुलगी धसईला दिलेली. पहिलटकरीण, सातवा लागल्यावर बाळंतपणाला आमच्याकडे शेणव्याला आलेली. ती बाहेर ओटीवर तांदूळ निवडत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून बायकोने आवाज खाली आणला.

"अवो, पोरीला पांढरं जातंय. वास येतो, खाज सुटते म्हणते. उद्या शहापूरला दवाखान्यात नेऊ. तुमी बी चला."

"हे माझ्यासमोर कशाला काढतेस? बायकांचं बायकांत ठेव."

ती हसली. "म्हैस अडली की कोपरापर्यंत हात घालता. पोरीचं नाव काढलं की कान झाकता. तुमच्या घरात म्हैस होऊन आले असते तर बरं झालं असतं."

मी उठून गोठ्यात गेलो. तिच्याशी झालेलं माझं शेवटचं बोलणं ते.

पहाटे तिच्या छातीत कळ आली. गाडी मिळेपर्यंत गेली. मयताच्या घरातलं पाणी, दूध, शिजवलेलं सगळं ओतून टाकतात आमच्यात. भावजयीने ते पातेलं नेऊन उकिरड्यावर उपडं केलं. दही घट्ट लागलं होतं, आख्खं वडीसारखं पडलं. मी बघत बसलो.

तेराव्यापर्यंत घर बायकांनी भरलेलं. त्यांतल्या एकीच्या कानावर पोरीचं दुखणं घातलं असतं तरी झालं असतं. रोज ठरवायचो आणि रोज गप्प राहायचो. दुःख होतं, ते खोटं नाही. पण दुःखामुळे गप्प होतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. 'पांढरं जातंय' हे मला तोंडात घाण वाटत होतं, एवढंच.

पाहुणे गेले. जावई येऊन कामावर परत गेला. घरात उरलो मी, पोरगी आणि म्हैस. एका दुपारी तिने विचारलं, "बाबा, म्हशीची कास धुवायचं लाल औषध कुठं ठेवता?"

म्हशीचं सगळं मीच करतो. तिला ते कशाला पाहिजे, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं. "गोठ्याच्या कोनाड्यात हाय, पुडीत," म्हटलं, आणि न बोलता भागलं म्हणून मनातून बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

मग मोरीत रोज त्या लाल औषधाचं जांभळं पाणी दिसायला लागलं. मी त्यावर तांब्या ओतायचो आणि बाहेर यायचो.

एका सांजेला ती भाकरी थापता थापता थांबली. एक हात परातीत, दुसरा पोटाखाली.

"काय गो बाय?"

"काय नाय. पोट कडक होतंय मधून मधून."

मी चुलीपुढे बसलो. तिच्याकडे न बघता, लाकूड आत सारत विचारलं, "आईला सांगितलेलंस ते अजून हाय का?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिने उलटली नाही.

"आई बोलली तुमाला?"

"हां. आदल्या सांजेला."

"मग इतके दिस तुमी बोलला नाय कसे?" ती रडत नव्हती, नुसती बघत होती. "मला वाटलं आई गेली, आता कोणालाच ठाव नाय. मी आपली धूत बसले. आग होते बाबा, पहिल्याहून जास्त."

मी करपलेली भाकरी तव्यावरून काढली. शेवटची गाडी निघून गेलेली. जीपवाल्याला फोन लावला, तो पहाटे यायला कबूल झाला. पोट सैल पडलं तशी ती जरा कलंडली. मी दाराशी बसून राहिलो.

उजाडताना शहापूरला पोहोचलो. डॉक्टरीण बाईंनी काय होतंय म्हणून विचारलं. पोरीने ओढणी तोंडाला लावली. मागे रांग होती, तिच्यात आमच्या गावचे दोघे.

मीच सांगितलं. "तिला पांढरं जातंय. वास येतो, खाज हाय. म्हशीच्या कासेचं औषध घालून धुतलंय तिने. मीच दिलं. कालपासून पोट कडक होतंय." आवाज उगाच मोठा निघाला. रांगेतलं बोलणं थांबलं.

बाई रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी तिला आत नेऊन तपासलं आणि मला बोलावलं. "बाबा, घरी दही लावता ना? दह्यात असतात त्याच जातीचे चांगले जंतू बाईच्या अंगात तिथेही असतात. ते असतात तोवर वाईट जंतूंना जागा मिळत नाही. ते कमी झाले म्हणून हिला त्रास झाला, आणि धुऊन धुऊन उरलेले पण मारलेत. असं अंगावर काढलं तर कधी कधी कळा लवकर येतात."

"मग दही खाऊ घालतो तिला."

"खाऊ दे, चांगलंच आहे. पण याला गोळ्याच लागतील. आणि आत काही घालून धुवायचं नाही. बाळाचे ठोके चांगले आहेत. पोट शांत होईपर्यंत इथे ठेवू."

कढत दुधात विरजण मरतं, एवढं मला माहीत होतं.

वॉर्डाच्या दारात नर्सने अडवलं. "पुरुषांना आत नाही. सोबत बाई कोण आहे?"

"बाई गेली," मी म्हटलं. "मी हाय. काय करायचं ते मला सांगा."

तिने धुतलेली चादर माझ्या हातात दिली आणि कोपऱ्यातली खाट दाखवली. मी आत गेलो. बायकांनी पदर सावरले. मी खाली बघत खाटेवर चादर घातली आणि दाराशी थांबलेल्या पोरीला हाक मारली.