दिवा एकटा सोडायचा नसतो

आधीच सांगून टाकते, असले किस्से ऐकून सगळ्यात मोठ्यानं हसणारी मीच. एम.ए. समाजशास्त्र, दुसरं वर्ष, इथल्याच एका मोठ्या सरकारी विद्यापीठात. वर्गात कुणी भुताचा विषय काढला की मी म्हणायचे, "भूत वगैरे काही नसतं रे, सामाजिक दबाव असतो." आता ते वाक्य मी म्हणत नाही.

माझा लघुप्रबंध ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या सणांवर. आमच्या मॅडमचं एकच पालुपद – "दूर से सवाल मत पूछो. घर का काम हाथ में लो, तभी लोग खुलेंगे." मुलाखती कमी पडत होत्या, आणि नवरात्र संपायच्या आत त्या झाल्या नाहीत तर माझं वर्ष गेलंच होतं. म्हणून मी आणि माझी मैत्रीण नेहा भरदुपारी टोपी बाजारात हिंडत होतो. नेहा भिंडची, तिला मराठीचा गंध नाही. तिचा विषय दुकानदारांचा, ती खाली गल्लीतच थांबली. मी एका टोप्यांच्या दुकानावरच्या खोलीत चढले.

दार सताड उघडं. आत घटासमोर एक काकू बसलेल्या, पन्नाशीच्या, अगदी नीटनेटक्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "मराठी येतं ना तुला?"

"येतं की काकू. थोडं हिंदी मिक्स होतं, बस."

"चालेल गं. समजतं ना, मग झालं!" त्या इतक्या खूश झाल्या की मलाच कसंतरी वाटलं. मग म्हणाल्या, "जरा इथे बस, मी तेल घेऊन येते. घट बसलेत, दिवा एकटा सोडता येत नाही."

यात मला नवल काय वाटणार? हरिशंकरपुरमला आमच्याही घरी घट बसतात. नऊ दिवस घराला कुलूप नाही, दिव्यापाशी कुणीतरी हवंच, आई तर आमच्या पाळ्या लावते. शिवाय मॅडमनी सांगितलेलंच होतं... काम हातात घ्या. मी मांडी घालून बसले. काकू पिशवी घेऊन जिन्यावरून अक्षरशः पळत उतरल्या.

आणि परत आल्याच नाहीत.

आधी वैताग आला. नेहाला हाक मारावी म्हणून उठले, पाठ फिरवली आणि ज्योत बसली. नुसता निळा ठिपका उरला. धावत येऊन हाताचा आडोसा केला तशी ती सरळ झाली. पुन्हा उठले, पुन्हा तेच! वारा म्हणावा तर खिडकी बंद, पंखा बंद. त्यानंतर उठायची हिंमतच झाली नाही. दिवा विझला तर तो माझ्यामुळे विझेल, एवढंच डोक्यात.

दार समोर उघडं होतं हो! खालून भाव करणाऱ्यांचे आवाज येत होते, कुणीतरी चहा मागवत होतं. मी नेहाच्या नावानं ओरडले, पण कुणी वर बघितलंसुद्धा नाही. फोन बॅगेत, बॅग दाराशी. तेल संपेना आणि ज्योत काही स्थिर होईना. पायांना मुंग्या आल्या, मग पाय आहेत की नाहीत तेच कळेना. मी ढसाढसा रडले. आई हवी होती मला. हळूहळू वाटायला लागलं की आता आपण इथल्याच... आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ते मला पटायलाही लागलं होतं.

शेवटी नेहा वर आली. "सायली! कब से फोन कर रही हूँ तुझे!"

तिला बघितलं आणि काकूंचं ते वाक्य शब्दन् शब्द माझ्या जिभेवर आलं. ही बसली की मी सुटणार, हे कुणी न सांगता मला कळलं होतं. मी ओठ इतका घट्ट चावला की रक्त आलं. नेहानं बखोटीला धरून मला उठवलं आणि ओढतच खाली आणलं. मी मागे वळून बघितलं नाही.

खाली दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "काकीजी? वो तो थैला लेके कब की निकल गईं. बड़ी खुश थीं. मैंने तो उन्हें पहली बार नीचे देखा."

दुसऱ्या दिवशी दादाला घेऊन गेले. खोली होती, पण घट नाही, दिवा नाही, काकूही परतल्या नव्हत्या. दादा म्हणाला, "उपास करून उन्हात हिंडलं की असंच होतं, बाईसाहेब." मी तेवढ्यावर गप्प बसलेही असते.

पण परवा कँटीनमध्ये समोसा खाता खाता नेहानं विचारलं, "यार, उस दिन तू बोल क्या रही थी? मैं ऊपर आई तो बार-बार एक ही बात." आणि तिनं मोडक्यातोडक्या उच्चारात म्हणून दाखवलं, "जरा इथे बस, मी तेल घेऊन येते." मग म्हणाली, "मतलब क्या है इसका?"

मी ओठ चावला होता. त्याचा व्रण अजून आहे. मग ते बोललं कोण, आणि त्या खोलीत नेमकं काय होतं – खरंच सांगते, मला आजही कळलेलं नाही. कुणाला समजलं तर मला सांगा.

नेहाला मी अर्थ सांगितला नाही. काहीतरी थाप मारली. तेव्हाच तिला तो समजला असता तर ती बसली असती. नेहा कधी कुणाला नाही म्हणतच नाही.