जिभेवरचं हुमण

दर शुक्रवारी घरी येणारी ती नर्स शहाणी की आगाऊ, हे मला अजून ठरवता येत नाही. मोटर न्यूरॉनच्या आजाराने ह्यांची वाचा गेली, जेवण नळीवर आलं. तरी ती म्हापशाच्या बाजारात आज कुठली मासळी आली ते ह्यांना रंगवून सांगते. तोंड पुसायचं झालं तरी आधी विचारते, "भाऊ, पुसूं?" ह्यांनी एकदा डोळे मिटून उघडले की हो. तोवर हात लावत नाही.

परवा तिने बांगड्याच्या हुमणाच्या आंबट-तिखट रश्शात कापसाचा बोळा बुडवला, घट्ट पिळला आणि विचारून ह्यांच्या जिभेला लावला. हे रडू लागले. की हसत होते? या आजारात दोन्ही आपसूक येतं. मी तिच्याकडे पाहिलं.

"माकाय कळना, वयनी," ती म्हणाली. "भाऊ, आनी जाय? आनी लावूं?"

ह्यांनी डोळे मिटले, ते मिटलेलेच ठेवले.

"हो म्हणताहेत, लाव ना!" मी ओरडले.

बोळा हातात धरून ती ह्यांचे डोळे उघडायची वाट पाहत राहिली.