दुसऱ्या पॅनेलच्या माणसाची रजा

राधाकिशन तांबारे पाटोद्याजवळच्या सहकारी दूध संघात बॉयलर सांभाळत. ते सहसा रजा घेत नसत. कोणी विचारलं तर म्हणत, "घरी बसून काय करू? हितं आंघोळीला पाणी तरी हाय."

२०१३च्या दुष्काळात दूध संकलन निम्म्यावर आलं आणि कामगार कपातीची यादी तयार होऊ लागली. त्याच महिन्यात फिटर सुंदरराव घुले यांच्या किडन्या निकामी झाल्या. रजा संपताच गैरहजेरी लागून त्यांचं नाव यादीत जाणार होतं. सहकाऱ्यांनी आपली रजा त्यांना द्यायला संचालक मंडळाने परवानगी दिली.

तरी सह्यांचा कागद तीन दिवस कोराच फिरला. सुंदररावांनी कामगार पतसंस्थेच्या निवडणुकीत राधाकिशन यांना पाडलं होतं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं, आणि राधाकिशन यांच्या पॅनेलची माणसं संघात जास्त होती.

चौथ्या दिवशी राधाकिशन यांनी चाळीस दिवस लिहून पहिली सही केली.

"तात्या, त्यो आपल्या पॅनेलचा हाय का?" दूध तपासणाऱ्या शहादेवनं टोकलं.

"बॉयलर बंद पडला तवा त्यानं पॅनेल इचारून पाना उचलला का रं? धर पेन."

संध्याकाळपर्यंत अकरा सह्या झाल्या. किडनी प्रत्यारोपण होऊन सुंदरराव चार महिन्यांनी कामावर परतले.

पुढच्या निवडणुकीत दोघं पुन्हा समोरासमोर उभे राहिले. तिथल्या रिवाजाप्रमाणे सुंदरराव प्रतिस्पर्ध्याच्याही दारी हात जोडायला गेले.

"बस, चहा घे," राधाकिशन म्हणाले. "मत मात्र मागू नको."