मोरीतलं लाल पाणी

दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरात विणकरांच्या वस्तीतल्या शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवायची. एकदा फळ्यावर जलचक्र काढलं: समुद्र, ढग, पाऊस, नदी. सूत रंगवणाऱ्या घरातली एक मुलगी उभी राहिली.

"बाई, आमच्या मोरीतलं लाल पाणी यात कुटं जातं?"

"ते अभ्यासक्रमात नाही. बस खाली!"

खेकसले खरी, पण दिवसभर चैन पडेना. शाळा सुटल्यावर पदर खोचला आणि वस्तीतल्या गटाराच्या कडेकडेनं तरातरा निघाले. गटार नाल्याला मिळालं, नाला भाजीच्या मळ्यात शिरला. तिथं एक बाई मेथीच्या जुड्या त्याच लालसर पाण्यात बुचकळून टोपलीत रचत होती. माझ्या दारावर रोज येणारी भाजीवाली! जुड्या निथळत असतात म्हणजे ताज्याच, असं समजून मी इतकी वर्षं तिच्याकडूनच घेत होते.

"बाई, तुमी हितं कशा?" ती हसली. मी आल्या वाटेनं परत फिरले.

घरी मेथी बंद केली. वर्गात मात्र अवाक्षर काढलं नाही.

वार्षिक परीक्षेत जलचक्राची आकृती आली. त्या मुलीनं मोरी काढली, गटार, नाला, मळा, भाजीची टोपली काढली आणि शेवटचा बाण पुन्हा स्वतःच्या घरातल्या चुलीकडे वळवला. छापील उत्तरात समुद्र होता. "समुद्र कुठे आहे?" असा शेरा मारून मी शून्य दिलं.

समुद्र तोवर मीही पाहिला नव्हता.