कमी मिठाची कडबोळी

बसवनगुडीत कडबोळी तळल्याचा वास आला, की एक जुना मॅटिनी शो आठवतो. वडील आणि आत्या सात वर्षं बोलत नव्हते. दुरावलेलं कुटुंब पुन्हा भेटतं, असा एक विक्षिप्त, विनोदी सिनेमा लागला होता. मी दोघांना एकमेकांविषयी न सांगता बोलावलं आणि मध्ये बसलो. वडील उठून जातील या धास्तीने माझी नजर पडद्यावर ठरेना.

मध्यंतरात आत्याने माझ्यासमोरून डबा सरकवला. वडिलांनी एक कडबोळं चावलं.

“मीठ स्वल्प कमी आहे.”

“तुझ्या बीपीला तेच सरी, तेच बरं, अण्णा.”

वडील शेवटपर्यंत बसले. माझी युक्ती फळली, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. पण आत्या स्वतः खारट खाणारी. ती कडबोळी तिने सकाळीच तळली होती.